बेडकाच्या दंडातलं केंद्र

प्रश्न असा आला आहे : ‘इक्वाडोरमध्ये काचेसारख्या बेडकांच्या दोन नव्या प्रजाती सापडल्याची जुनी बातमी वाचली. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच बेडकांना पारदर्शी बेडूक म्हटलं होतं. जाती म्हणावं की प्रजाती? आणि ग्लासफ्रॉगला मराठीत नेमका शब्द काय?’

जाती. दोन नव्या जाती. यात दुमत व्हायचं कारणच नाही, तरी बेडूक, पाल, कोळी, काहीही नवं सापडलं की मथळ्यात ‘नवी प्रजाती’ येते आणि मला दर वेळी तितकाच राग येतो. प्रजाती हा शब्द मराठीत रिकामा बसलेला नाही, त्याला काम नेमून दिलेलं आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली उतरंड आठवा : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. एका प्रजातीत अनेक जाती. हिंदीत वरच्या पायरीला वंश म्हणतात, त्यामुळे त्यांनी खालच्या पायरीला जाति म्हटलं काय किंवा प्रजाति म्हटलं काय, त्यांचं काही बिघडत नाही. आपलं बिघडतं.

हिंदीतून उचललेला मजकूर हे एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं : ‘जाती’ लिहिताना हात अडखळतो. जात म्हटल्यावर आपल्या समाजात जे आठवतं ते बेडकाच्या बातमीत नको वाटतं, म्हणून पुढे ‘प्र’ लावून शब्द धुऊन घेतला जातो. ही अडचण मी समजू शकतो, पण त्यासाठी शास्त्राची एक पायरी मोडायची का? जाती हा जन् धातूपासून आलेला शब्द. जाईच्या वेलीचं संस्कृत नाव जातीच आहे. जायफळ म्हणजे जातीफल, जायपत्री म्हणजे जातिपत्री. पुरणात जायफळ किसताना आपण हाच शब्द किसत असतो.

भाषेवर नियमाने लिहिणारे एक जाणकार म्हणतात, ‘प्रजाती’ रुळला आहे, आता सोडून द्या. सोडतो, पण मग वरच्या पायरीला काय म्हणायचं ते त्यांनी सांगावं. ते कधीच सांगत नाहीत.

आणि या बेडकांच्या बाबतीत तर ही पायरी सोडून चालतच नाही. २०२२ साली हुआन ग्वायासामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या दोन जातींचं वर्णन केलं, त्या हायलिनोबॅट्राकियम या जुन्याच प्रजातीतल्या. एक माश्पीच्या राखीव जंगलातली, दुसरी तोइसान डोंगररांगेतली. मधे ग्वायाबांबा नदीचं खोल खोरं, हवाई अंतर विसाएक किलोमीटर. दोघींच्या हिरव्या अंगावर पिवळे ठिपके, दिसायला जवळजवळ सारख्या. वेगळेपण ठरलं ते डीएनएवरून. पहिलीला माश्पी हे नाव मिळालं. दुसरीच्या नावाचा लिलाव झाला आणि ते एका डिजिटल समूहाच्या नावावरून ‘नाउन्स’ ठेवलं गेलं. व्याकरणातली नामं! जिचं नावच ‘नामे’ आहे अशी दुसरी बेडकी माझ्या माहितीत नाही.

खरी नवी प्रजाती हवी असेल तर २००७ सालची निम्फार्गस घ्या : बाहेरच्या बोटांमध्ये पडदा नसलेल्या कितीतरी आधीच माहीत असलेल्या जाती जुन्या प्रजातीतून काढून तिच्यात नेल्या. किंवा आपल्या सह्याद्रीतली राओर्केस्टिस घ्या. बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० साली ती स्थापन झाली आणि झुडपांवरच्या चिमुकल्या बेडकांच्या अनेक जाती तिच्यात गेल्या. जाती सापडते, प्रजाती आखली जाते. पहिलीला जंगलात रात्र काढावी लागते, दुसरीला झाडून सगळ्या नातेवाइकांचा हिशेब मांडावा लागतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर यातलं काय झालं ते वाचकाला कळणार कसं?

आता ‘पारदर्शी’. हा शब्द तर सरळ चूक आहे. पारदर्शी म्हणजे पैलतीर पाहणारा. ज्याची नजर पलीकडे पोचते अशा ज्ञानी माणसाचं ते विशेषण. काच पाहत नाही, दाखवते, म्हणून ती पारदर्शक. ‘पारदर्शी कारभार’ लिहून लिहून हा फरक आपण घालवला आहे.

पण पारदर्शक हाही शब्द या बेडकाला पुरता बसत नाही. पाठीकडून तो हिरवाच दिसतो. पोटाची कातडी मात्र इतकी स्वच्छ, की अनेक जातींत धडधडतं काळीज बाहेरून दिसतं. त्यातही झोपेची गोष्ट वेगळी. याच प्रजातीतल्या फ्लाइशमनाय जातीवर झालेलं काम २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं : झोपताना हा बेडूक आपल्या रक्तातल्या सुमारे ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात साठवतो आणि दोन ते तीन पट अधिक पारदर्शक होतो. जागा झाला की रक्त पुन्हा अंगभर. म्हणून मी ‘काच’ हा शब्द निवडतो. आयुर्वेदात तिमिर, काच, लिंगनाश या दृष्टिरोगाच्या पायऱ्या आहेत. काच म्हणजे नितळपणा एवढंच आपल्या परंपरेने मानलेलं नाही, धूसर होत जाणारी नजरही काचच. कधी स्वच्छ, कधी गढूळ अशा प्राण्याला हाच शब्द शोभतो. काचमणी तसा काचबेडूक. स्पॅनिशमध्ये ‘राना दे क्रिस्ताल’ म्हणतात म्हणून ‘स्फटिक बेडूक’ सुचवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की स्पॅनिश घरातल्या खिडकीच्या काचेलाही क्रिस्तालच म्हणतात.

हायलिनोबॅट्राकियम या नावाचे तुकडे केले तर हायलिनोस म्हणजे काचेचा आणि बॅट्राकिऑन म्हणजे छोटा बेडूक, आपली बेडकुळी. यातल्या बहुतेक जाती दोन-तीन सेंटिमीटरच्या, तेव्हा प्रजातीला ‘काचबेडकुळी’ म्हणायला माझी पूर्ण तयारी आहे. पण ज्या नावाने मला कित्येक रात्री जागं ठेवलं ते हे नव्हे. ते नाव सेंट्रोलीन, ज्याच्यावरून या सगळ्या कुलाचं नाव सेंट्रोलेनिडी पडलं.

मार्कोस हिमेनेस दे ला एस्पादा हा स्पॅनिश प्राणिशास्त्रज्ञ १८६२ साली निघालेल्या वैज्ञानिक मोहिमेतून दक्षिण अमेरिकेत गेला होता. १८७२ मध्ये त्याने इक्वाडोरमधल्या एका दांडग्या बेडकाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं सेंट्रोलीन गेकॉइडियम. नराच्या दंडाच्या हाडाला टोकदार काटा फुटलेला. ग्रीक केंट्रॉन म्हणजे अणकुचीदार टोक, ओलेने म्हणजे कोपर किंवा बाहू.

केंट्रॉन! ग्रीक शेतकऱ्याच्या हातातल्या, बैल टोचायच्या पराणीची आर म्हणजे केंट्रॉन. गांधीलमाशीची नांगीही केंट्रॉन. वर्तुळ काढताना कंपासचं जे टोक रोवून ठेवतात तेही केंट्रॉन, आणि त्या टोकाने जिथे भोक पाडलं तो वर्तुळाचा मध्यही केंट्रॉन. हा शब्द ग्रीक ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला आणि संस्कृतात केंद्र झाला. वराहमिहिर तो वापरतो, शेजारी पणफर आणि आपोक्लिम हे आणखी दोन ग्रीक पाहुणे बसवतो. पत्रिकेतल्या ‘केंद्रात गुरू’ पासून केंद्र सरकारपर्यंत आपण बोलतो आहोत ती ही पराणीची आर. केंद्र शुद्ध संस्कृत आणि सेंटर परकीय असं बजावणारे शुद्धिवादी मला भेटतात, केंद्राला संस्कृत धातू शोधून देणारेही भेटतात. दोघांनाही माझं उत्तर एकच : एकाच आईची ही दोन लेकरं आहेत, एक ज्योतिष्याच्या घरी वाढलं, दुसरं लॅटिनच्या.

ओलेनेकडे तर कुणी बघतच नाही. लॅटिन अल्ना तिची सख्खी बहीण आणि आपला अरत्नी हा सख्खा भाऊ. अरत्नी म्हणजे कोपर, आणि कोपरापासूनचं माप, यज्ञवेदी आखताना धरायचे चोवीस अंगुळ. काटा कोपरावर नाही, दंडावर आहे, मग ओलेने कशी, असा आक्षेप मी ऐकला आहे. होमर हेरा देवीला ल्यूकोलेनोस म्हणतो, गोऱ्या बाहूंची. तिचं फक्त कोपर गोरं नव्हतं. एस्पादाने शब्द बरोबर निवडला. त्या बेडकाचं नाव संस्कृतात उतरवायला भाषांतर नको, फक्त जुनं नातं ओळखायला हवं : केंद्रारत्नी.

नावाची पुढची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. १९९१ मध्ये कोलंबियात काम करणाऱ्या रुईस-कारान्सा आणि लिंच यांनी या बेडकांची मांडणी केली तेव्हा दंडातला काटा ही सेंट्रोलीन प्रजातीची खूण धरली. पुढे डीएनए तपासल्यावर दिसलं, की काटा निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे फुटलेला आहे, काटेवाले सगळे एका घरातले नव्हेत. २००९ मध्ये ग्वायासामिन आणि सहकाऱ्यांनी सगळी घरं नव्याने लावली, कितीतरी जातींची प्रजाती बदलली. जाती त्याच राहिल्या. ‘जाती’ला ‘प्रजाती’ म्हणणाऱ्याने हे वाक्य लिहून दाखवावं.

आणि आपण मराठी माणसं कुस्तीगिराच्या दंडाला काय म्हणतो? दंडात बेडकुळी आली म्हणतो. आपण दंडात बेडूक पाहिला, एस्पादाने बेडकाच्या दंडात आर पाहिली. ज्या हाडावर आपली बेडकुळी उठते त्याच हाडावर तो काटा आहे. या एका योगायोगासाठी मी ‘काचबेडकुळी’ शब्दाचा आग्रह सोडणार नाही.

तर कुलासाठी काचबेडूक. सामान्यरूप काचबेडका-, म्हणजे काचबेडकाचा, काचबेडकांच्या दोन नव्या जाती. ‘ग्लासफ्रॉगच्या’ लिहायच्या सवयीने ‘काचबेडूकच्या’ कुणी लिहू नये.