निवृत्त हेर आणि पेन्शनचा चेक

प्रश्न : निवृत्त गुप्तहेरांवरचा ‘रेड’ (२०१०) हा इंग्रजी चित्रपट नुकताच घरी पाहिला. मुलांच्या मते त्यात म्हाताऱ्यांची नुसती टिंगल आहे; मला तसे वाटले नाही. आपले मत काय? शिवाय हा चित्रपट एका कॉमिकवर बेतलेला आहे, हे खरे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टिंगल आहे, परंतु ती वयाची नसून निवृत्तीनंतर अंगावर येणाऱ्या रिकामपणाची आहे, आणि दिग्दर्शक रॉबर्ट श्वेन्के यांनी हा फरक पहिल्या काही मिनिटांतच स्पष्ट केला आहे. ब्रूस विलिस यांनी साकारलेला फ्रँक मोझेस हा सीआयएचा माजी हेर पेन्शनचा चेक हातात पडताच फाडून टाकतो, कारण चेक मिळाला नाही अशी तक्रार करण्याच्या निमित्ताने पेन्शन कार्यालयातील सारा या कर्मचारी स्त्रीशी त्याला फोनवर चार शब्द बोलता येतात. तिने सांगितले म्हणून तो ॲव्होकॅडोची कोय रुजत घालतो. त्याच घरात मारेकरी शिरल्यावर हाच गृहस्थ शेगडीवरच्या तव्यात काडतुसे टाकतो, ती तापून फुटू लागतात आणि बाहेरच्या टोळीला आत गोळीबार चालू असल्याचा भास होतो. एकटेपणा आणि कसब यांचा हा मेळ चित्रपटाने पुढेही बराच काळ सांभाळला आहे.

जॉन माल्कोविच यांचा मार्विन हा माझ्या मते चित्रपटाचा खरा आधार आहे. सरकारने त्याला अनेक वर्षे नकळत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे अमली द्रव्य दिलेले असल्याने तो प्रत्येकावर संशय घेतो. वाटेत भेटलेली एक साधीसुधी बाई आपल्या पाळतीवर असल्याचा त्याचा आरोप सगळे वेडेपणात काढतात, आणि पुढे तीच बाई रॉकेट लाँचर खांद्यावर घेऊन समोर उभी ठाकते. हेलन मिरेन यांची व्हिक्टोरिया फुलांची सजावट करते, मधूनमधून सुपारीही घेते आणि शेवटी पांढऱ्या गाऊनमध्ये मशीनगन चालवते. यांतील एकही हसू गुडघेदुखीवर किंवा कवळीवर काढलेले नाही, ही गोष्ट मुलांच्या अवश्य नजरेस आणून द्यावी. उत्तरार्धात उपराष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचणारे कारस्थान मात्र फारच तकलादू आहे. तेथे कथेपेक्षा नटमंडळींच्याच पुण्याईवर गाडी चालते.

कॉमिकविषयी आपण ऐकले ते खरे आहे. वॉरन एलिस यांचे लेखन आणि कली हॅमनर यांची चित्रे असलेले हे कॉमिक २००३-०४ मध्ये अवघ्या तीन अंकांत प्रसिद्ध झाले. परंतु त्यात विनोद जवळजवळ नाही आणि जुन्या सहकाऱ्यांची फौजही नाही. सीआयएचा नवा संचालक या निवृत्त हेराची जुनी कृत्ये वाचून हादरतो आणि त्याला संपवण्याचा हुकूम देतो, एवढ्यावर ती रक्तरंजित कथा उभी आहे. नायकाचे नावही तेथे पॉल मोझेस आहे. फोनवरून एका स्त्रीशी चालणारा संवाद हा धागा पटकथाकार जॉन आणि एरिक होबर यांनी तेथूनच घेतला आणि त्याचे प्रेमकथेत रूपांतर केले. १०० मिनिटांहून अधिक लांबीच्या चित्रपटासाठी मूळ मजकूर अपुराच होता, त्यामुळे मार्विन व व्हिक्टोरिया ही पात्रे चित्रपटासाठी नव्याने निर्माण करण्यात आली.

२०१३ मध्ये याचा दुसरा भागही आला. त्यात अँथनी हॉपकिन्स आहेत, पण पहिल्या भागातील तो रिकामा दिवाणखाना नाही. वेळ असेल तरच पाहावा.