पेनवर कंपनीचं लेबल लावून वरून चकाकी दिली, आता वकिलाची नोटीस आलीये

नमस्कार ताई, तुमचा मेल वाचला, पेनांचे फोटो पण बघितले, काम खरंच सुंदर आहे. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात सांगते. तुम्ही घरच्या छोट्या लेथवर सागवानाचे, शिसवीचे पेन बनवता. काही पेनांना लाकूड न लावता पितळी नळीवर कागदी लेबल गुंडाळून त्यावर पातळ सुपर ग्लूचे थरावर थर देता आणि मग बारीक पेपर मारून पॉलिश करता, म्हणजे लेबल काचेच्या आत असल्यासारखं दिसतं. एका मोटरसायकल कंपनीचा लोगो असलेले असे ४० पेन तुम्ही ६५० रुपयांप्रमाणे विकलेत, १८ अजून घरात पडून आहेत, आणि आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीये की १५ दिवसांत विक्री बंद करा, उरलेला माल आमच्या ताब्यात द्या, लेखी माफी द्या आणि ५ लाख रुपये भरपाई द्या, नाहीतर पोलीस केस. तुम्ही विचारताय की स्टिकर तर मी पैसे देऊन घेतले, कंपनीचेच खरे, मग ह्यात चोरी कसली. शिवाय गिऱ्हाइकाने आणलेलं लेबल, जुन्या काडेपेटीची लेबलं, चलनी नोटांची चित्रं आणि शाळेची एक ऑर्डर ह्यांचंही विचारलंय, ते शेवटी बघू.

पहिली गोष्ट, झोप उडवून घेऊ नका. नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही, ते समोरच्या वकिलाचं पत्र आहे आणि त्यातला आकडा त्यांनी मागितलेला आकडा आहे, कोर्टाने ठरवलेला नाही. पण उत्तर न देता गप्प बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, कारण पुढे कोर्टात तेच दाखवतात की बघा, कळवूनसुद्धा ह्यांनी काही केलं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. विकत घेतलेला स्टिकर तुम्ही स्टिकर म्हणून पुढे कोणाला विकला असता तर कंपनीला काही बोलता आलं नसतं, ट्रेडमार्क म्हणजे कंपनीचं ओळखीचं नाव किंवा चिन्ह, त्याच्या १९९९ च्या कायद्यातल्या कलम ३०(३) मध्ये तशी सोय आहे, एकदा माल रीतसर विकला गेला की तो पुढे विकायला मार्कच्या मालकाची अडकाठी नसते. पण तुम्ही स्टिकर नाही विकला, तुम्ही पेन विकला. तो पेन कंपनीने कधी बनवलाच नाही आणि त्याच्यावर नाव मात्र तिचं आहे. कलम ३०(४) असंही म्हणतं की मालाची अवस्था बदलली असेल तर मालक विरोध करू शकतो, त्यामुळे खऱ्या स्टिकरचा आधार इथे फारसा टिकणार नाही हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते.

तुम्ही असंही लिहिलंय की लेबल पेनच्या वर चिकटवलेलं नाही, आत आहे, चकाकीच्या खाली. त्याने फरक पडत नाही ताई. कलम १०१ मध्ये ट्रेडमार्क मालावर "लावला" असं कधी धरायचं ते दिलंय आणि त्यात विणलेला, ठसवलेला, मालात मिसळून टाकलेला किंवा जोडलेला, सगळं येतं. उलट तुमच्या पद्धतीत लेबल पेनपासून वेगळंच करता येत नाही, परत लेथवर चढवून सगळा थर उतरवल्याशिवाय, म्हणजे ते पेनचाच भाग झालं.

मग तुम्ही म्हणाल की कंपनी गाड्या बनवते, मी पेन, आमचा संबंध काय. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या नंबर दिलेल्या वर्गांप्रमाणे होते, तसं बघितलं तर गाड्या १२ मध्ये येतात आणि पेन, स्टेशनरी १६ मध्ये, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या कीचेन, टी-शर्ट, पेन असल्या भेटवस्तूंसाठी इतर वर्गांतही नोंदणी करून ठेवतात. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, कंपनीचं नाव आणि १६ नंबरचा वर्ग टाकून आजच बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. १६ मध्ये नोंदणी नसली तरी कलम २९(४) आहेच, नावाजलेल्या मार्कचा वेगळ्या मालावरही विनाकारण फायदा उठवला तर ते उल्लंघन धरतात, आणि तिथे गिऱ्हाईक फसलं हे सिद्ध करायची गरज नसते. म्हणून डबीवर "कंपनीशी संबंध नाही" अशी चिठ्ठी टाकली असती तरी पूर्ण सुटका झाली नसती.

मेलच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहिलंय की काही पेनांना स्टिकर जाड पडला, नळीवर नीट बसेना, म्हणून तो स्कॅन करून पातळ कागदावर कलर प्रिंट काढली. माझ्या दृष्टीने सगळ्या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. खरा स्टिकर वापरला तर तुम्ही नक्कल केलेली नसते, त्या पेनांपुरता कॉपीराइटचा मुद्दा कच्चा राहतो. पण स्कॅन करून छापलं की ती चित्राची प्रत झाली, आणि कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. घाबरवायला नाही सांगत, पण ४० पैकी किती पेन खऱ्या स्टिकरचे आणि किती प्रिंटचे हे मला नक्की कळलं पाहिजे, कारण उत्तराचा मसुदा त्यावर ठरेल. आणि कृपा करून उरलेले १८ पेन लेथवर घालून सोलू नका, जाळू नका, कोणाकडे लपवायलाही देऊ नका. फोटो काढा, खोक्यात भरा, यादी करा. इन्स्टाग्रामवरच्या पोस्टचे स्क्रीनशॉट घ्या, मगच पोस्ट काढा, पण आजच काढा.

पोलिसांच्या धमकीबद्दल. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ मध्येही तेवढीच शिक्षा आहे, पण फसवायचा हेतू नव्हता हे दाखवता आलं तर बचाव आहे, आणि ह्या कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर डीवायएसपी किंवा त्यावरचा अधिकारी लागतो, तेही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेऊन. म्हणजे उद्या सकाळी हवालदार येऊन तुमचा लेथ उचलून नेईल असं काही नाहीये. कॉपीराइटमध्ये मात्र सब-इन्स्पेक्टर पण जप्ती करू शकतो, म्हणून प्रिंटवाल्या पेनांची मला जास्त काळजी आहे.

५ लाखांचं काय? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे कंपनीला एक तर नुकसानभरपाई मागता येते नाहीतर तुम्ही कमावलेल्या नफ्याचा हिशेब, दोन्ही नाही. तुमची एकूण विक्रीच २६,००० रुपयांची, त्यातून पेनचं किट, ग्लू, पॉलिश, कुरिअर वजा करा, हातात काय राहिलं ते कागदावर मांडा आणि बिलं जोडा. शिवाय मार्क नोंदलेला आहे हे माहीत नव्हतं, तसं वाटायला कारणही नव्हतं आणि कळल्याबरोबर थांबलो असं दाखवता आलं तर त्याच कलमात नाममात्र भरपाईपुरती सूट आहे. इतक्या प्रसिद्ध कंपनीच्या बाबतीत "माहीत नव्हतं" हे पटवणं अवघड जाईल, पण "कळल्याबरोबर थांबले" हे तडजोडीच्या वेळी फार उपयोगाला येतं, म्हणूनच आजच थांबा म्हणतेय. आणि दावा तुमच्याच जिल्ह्यात लागेल असं धरून चालू नका, कलम १३४ मुळे कंपनी जिथे धंदा करते तिथेही तो लागू शकतो, २६ हजारांच्या विक्रीसाठी मुंबई-दिल्लीच्या तारखा करण्यात काही अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा आहे. उत्तरात एवढंच की विक्री अमुक तारखेला बंद केली, पुढे हा मार्क वापरणार नाही, शिल्लक १८ नग आहेत ते कंपनीच्या माणसासमोर नष्ट करायला तयार आहोत, आणि ह्यात कुठलाही दोष कबूल केलेला नाही. त्यांनी पाठवलेल्या माफीपत्रावर तशीच सही करू नका, त्यात "हेतुपुरस्सर नक्कल केली" असं वाक्य आहे, ते गेलंच पाहिजे. पैसे द्यायची वेळ आलीच तर नफ्याच्या आकड्यावर बोलणी करायची, ५ लाखांवरून खाली घासाघीस करत यायचं नाही.

गिऱ्हाईक स्वतःच लेबल घेऊन आलं तर चालेल का, असंही विचारलंय. चिकटवणारे आणि पैसे घेणारे तुम्हीच, त्यामुळे जबाबदारी सुटत नाही. कोणी वडिलांच्या जुन्या बाटलीचं एक लेबल आठवण म्हणून पेनमध्ये बसवून मागितलं तर त्यावरून कोणी नोटीस काढेल असं व्यवहारात वाटत नाही, पण त्याचा फोटो टाकून ऑर्डरी घेऊ नका. जुन्या काडेपेटीच्या लेबलांचं वेगळं आहे, चित्रकाराचं नाव नसलेलं चित्र छापून प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं झाली की त्याचा कॉपीराइट संपतो, मात्र ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ जिवंत ठेवता येतो, तेव्हा छाप अजून बाजारात आहे का ते आधी बघायचं. चलनी नोटांची चित्रं छापून लावायचा विचार पूर्ण सोडा, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ चा गुन्हा आहे.

राहिली शाळेची २०० पेनांची ऑर्डर, शिवाजी महाराजांचं चित्र आणि खाली अशोकस्तंभ. मनातला आदर समजते, पण १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, धंद्यासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. अशोकस्तंभासाठी तर २००५ चा वेगळा कायदा आहे, त्यात कैदेची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना फोन करून त्याऐवजी शाळेचं बोधचिन्ह किंवा तुम्ही स्वतः काढलेलं रायगडाचं रेखाचित्र सुचवा, बोधचिन्ह असेल तर शाळेच्या लेटरहेडवर परवानगीचं पत्र घ्या. ॲडव्हान्स घेतला असेल तर हा बदल त्यांच्याकडून लेखी मान्य करून घेतल्याशिवाय लेथ चालू करू नका.

नोटिशीच्या पाकिटासकट स्कॅन, स्टिकर ज्या दुकानातून घेतले तिथलं बिल आणि खऱ्या-प्रिंटवाल्या पेनांची वेगवेगळी यादी मला दोन-तीन दिवसांत पाठवा. १५ दिवस नोटीस हातात पडली त्या तारखेपासून मोजायचेत, उत्तर स्पीड पोस्टने आणि मेलने दोन्हीकडून पाठवू.