गुडघा बरा होण्याआधी लग्नाचं विचारू नकोस

प्रिय बाळा,

तुझं पत्र वाचून आनंद झाला, हे आधी सांगते. जिला तू लग्नाचं विचारणार म्हणतोस, ती तुझ्याहून मोठी आहे, घटस्फोटित आहे, तिला सहा वर्षांचा मुलगा आहे, यातलं काहीच मला अडचणीचं वाटत नाही. नागपुरात महाल भागात राहणाऱ्या तुझ्या काकांना वाटेल. त्यांचं पुढे बघू.

माझी काळजी वेगळी आहे. ऑपरेशनला चारच महिने झालेत. सूज उतरली, रेशीमबागेच्या मैदानात हलकं धावायला लागलास, म्हणून तुला सगळं जमल्यासारखं वाटतंय. एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं जोडून धरणारा बंध; त्याच्या जागी बसवलेला नवा लिगामेंट याच काळात फसवतो. दुखत नाही, पण तो अजून पुरता तयार झालेला नसतो. म्हणून नऊ महिन्यांआधी कबड्डीत चढाईला उतरायचं नाही, आणि त्यानंतरही ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरली तरच.

आत्ता तुझा दिवस रिकामा आहे. फिजिओकडून निघतोस, तिच्या मेसवर जाऊन बसतोस, ती गरम पोळी वाढते, पोरगा तुझी जुनी कुबडी घेऊन खेळतो. अशा दिवसांत आधार कुठला आणि प्रेम कुठलं, हे कोणालाही कळणं कठीण. तू पुन्हा शिबिराला जाशील, दमून खोलीवर येशील, तेव्हाही पहिला फोन तिलाच करावासा वाटतो का, ते बघ. वाटेल, असं माझं मन सांगतं.

पण हे मनातल्या मनात ठेवून थांबू नकोस. तिला स्पष्ट सांग की, माझं मन तुझ्यात आहे, मैदानावर परतलो की विचारीन. थांबायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल.

मुलाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी बैल घेऊन तू त्याच्यासोबत घरोघरी फिरलास. बोजारा, म्हणजे पोरांना द्यायची खुशाली, देताना कोणी विचारलं, ‘बाबा आले का सोबत?’ आणि तू नुसता हसलास. मला ते आवडलं नाही. तू ते हसणं विसरशील, पोरगा त्यावर आस लावून बसेल. पुढच्या वेळी ‘मी काका’ म्हण. त्याला शब्द द्यायचा तर छोटा दे. शनिवारी पाचला फुटाळा तलावावर नेतो म्हणालास तर पाचला दारात उभा राहा, पाय ठणकत असला तरी.

लग्न झालं की आपोआप त्याचा बाप होशील, असंही समजू नकोस. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये ‘वडील’ या शब्दात सावत्र वडील धरलेले नाहीत. दत्तक घेणं ही वेगळी प्रक्रिया आहे, आणि त्याचे वडील हयात आहेत. दोघं मिळून वकिलाला भेटा.

नोकरीचंही बघ. कबड्डीच्या मानधनावर तिघांचं घर चालणार नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पाय बरा होईपर्यंत वेळ आहे, तर तुझी प्रमाणपत्रं पडताळणीला टाक आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू कर.

आईला मात्र या आठवड्यातच तू स्वतः सांग, गल्लीतून कळू देऊ नकोस. ती चिडली तर उलट बोलू नकोस, मला कळव. रविवारी मी घरी येते आणि तिच्याशी बोलते.

तुझ्या,
मॅडम