वणव्यांचा इतिहास वाचताना आधी गवत बघ

तुझा मेसेज दोनदा वाचला. कोरड्या भागातले जुने वणवे हवामानामुळे लागायचे की माणसांमुळे, यातलं एक काहीतरी ठरवून प्रोजेक्ट लिहायला घेऊ का असं विचारलंयस. तर नको, एवढ्यात ते ठरवायला बसूच नकोस, आधी त्या वर्षी तिथे जळायला काय होतं ते बघ.

दुष्काळ पडला की आग, असं आपण धरून चालतो. पण खूप कोरड्या जागी पाऊस नाही म्हणजे गवतच नाही, मग वीज पडली तरी आग पुढे जाणार कशावरून? अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या अमेरिकेतल्या राज्यांमधली पॉन्डेरोसा पाइन या उंच झाडांची जंगलं घे. तिथली जमिनीलगत पळणारी आग मोठं झाड मारत नाही, बुंधा एका बाजूने भाजून जाते, मग त्या व्रणावर पुढची वलयं (खोडात दरवर्षी वाढणारं एकेक कडं) चढत जातात आणि वलयं जुळवून आगीचं नेमकं वर्ष सांगता येतं. १७४८ चे व्रण त्या सगळ्या भागात इतक्या ठिकाणी सापडतात की ते वर्ष डोळ्यात भरतंच. १७४८ कोरडं होतं हे खरंय, पण त्याच्या आधीचं १७४७ चांगलं ओलं होतं हे बघितलंस का? प्रशांत महासागराचं पाणी तापतं तो एल निनो, तिकडे त्याच्या ओल्या हिवाळ्यात गवत माजतं, मागून ला निना, म्हणजे ते पाणी गार पडण्याचा काळ, येऊन ते वाळवते. म्हणून तुझ्या टेबलमध्ये फक्त आगीच्या वर्षाचा पाऊस आहे ना, तिथे मला अडल्यासारखं झालं.

आता माणसं. त्याच जंगलांत १८८० नंतर व्रण जवळजवळ थांबतातच. पाऊस तर पूर्वीसारखाच कमीजास्त होत होता, मग झालं काय, तर रेल्वे आली, तिच्यामागून मेंढ्या आणि गुरांचे प्रचंड कळप आले आणि आग जिच्यावरून पळायची ती गवताची चादरच खाऊन टाकली. आग विझवायची सरकारी यंत्रणा नंतरची, १९१० च्या भयंकर वणव्यांनंतर ती कडक होत गेली आणि १९३५ मध्ये तर नियमच झाला की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. मग खाली काडीकचरा आणि कोवळी झाडं दाटत गेली आणि आता आग लागली की थेट शेंड्यापर्यंत चढते.

पण माणसं आली की आगी कमी होतात असा नियम बनवू नकोस हं. न्यू मेक्सिकोच्याच हेमेझ डोंगरात मूळ रहिवाशांची मोठी गावं होती, सरपण, शेतं आणि मुद्दाम लावलेल्या छोट्या छोट्या आगी यामुळे तिथे आग वारंवार लागायची पण लांब पसरायची नाही, कोरड्या वर्षाचा तडाखाही कमी बसायचा. सतराव्या शतकात स्पॅनिश मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराची ठाणी, आली, रोगराई आणि उपासमारीने गावं ओस पडली, मोकळ्या जागी झाडं उगवली आणि आगी दूरवर पसरायला लागल्या. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मार्टू लोकांचंही तसंच. घोरपडीसारखे प्राणी शोधायला ते स्पिनिफेक्स गवताचे छोटे तुकडे जाळायचे, १९६० च्या दशकापर्यंत बहुतेकांनी ती जमीन सोडली आणि विजेने लागलेल्या आगी अफाट मोठ्या व्हायला लागल्या, १९८० च्या दशकात लोक परतले तेव्हा परत छोटे तुकडे दिसायला लागले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता विचार करत बसलो होतो. आग लावणारी माणसं गेली आणि आगी वाढल्या!

म्हणून तुझ्या ग्राफमधले रिकामे पट्टे 'डेटा नाही' म्हणून सोडू नकोस. दरवेळी विचार, इथे कोण आलं, कोण गेलं, काय चरत होतं. व्रण वलयात नेमका कुठे आहे तेही लिहून ठेव, त्यावरून आग कोणत्या मोसमात लागली ते कळतं, विजांच्या मोसमाच्या बाहेरचे व्रण खूप असतील तर माणसाचा हात असू शकतो, पण एवढ्याशावरून पक्कं म्हणू नकोस.

टेबलमध्ये आधीच्या तीन वर्षांच्या पावसाचे कॉलम टाक आणि रविवारपर्यंत पाठव, ग्राफ मग बघू.