सेवेसाठी परदेशी गेलेल्या कुटुंबाने घरी काय कळवावं आणि कोणाला

नगरच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) धर्मसेवेसाठी केनियाला पाठवलेलं तरुण जोडपं असो की वसईच्या एखाद्या घरातून आफ्रिकेत गेलेली सिस्टर, मागे राहिलेल्यांचं मागणं एकच असतं: खबर देत राहा. गोंधळ होतो तो खबर देण्याच्या पद्धतीमुळे. एकच मजकूर आईवडिलांना, पाळकसाहेबांना, महिला मंडळाला आणि मदत पाठवणाऱ्यांना एकदम जातो. मग नातवाला मलेरिया झाल्याचं आजीला रविवारच्या उपासनेतल्या घोषणेतून कळतं, आणि गावातल्या कोणाचा बाप्तिस्मा झाला हे नको त्या माणसाच्या फोनवर पोचतं.

यावर आमचा सल्ला ठाम आहे. दर वेळी दोन पत्रं लिहा: एक कोणाच्याही हाती पडलं तरी चालेल असं, आणि दुसरं फक्त जवळच्यांसाठी. ही रीत जुनी आहे. येशूसंघ (जेझुइट) या कॅथोलिक धर्मसंघाचे मिशनरी फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपले सहकारी पीटर फेबर यांना पत्र लिहून हेच बजावलं: मुख्य पत्र कोणालाही दाखवता येईल असं असावं, ते एकदा लिहून तपासून पुन्हा लिहावं, आणि खासगी गोष्टी वेगळ्या चिठ्ठीत घालाव्यात. आज पत्र एका बोटाने पाचशे लोकांकडे जातं, त्यामुळे ही शिस्त तेव्हापेक्षा आता जास्त गरजेची आहे.

मुख्य पत्र एका पानाचं, फार तर चारशे शब्दांचं, आणि दोन महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला लिहायचा उत्साह पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो, मग अचानक पत्र थांबतं आणि घरचे घाबरतात. त्यापेक्षा कमी वेळा लिहा, पण ठरल्या तारखेला लिहा. कामाचं एकच प्रकरण नीट सांगा, घरातली एक-दोन साधी वर्तमानं द्या, प्रार्थनेचे विषय तीन ठेवा. बारा विषय दिले तर प्रार्थनासभेत एकही नीट घेतला जात नाही. मागच्या पत्रातल्या विषयाचं काय झालं ते मात्र न चुकता लिहा. लोकांनी महिनाभर ज्यासाठी गुडघे टेकले त्याचं उत्तर त्यांना मिळायला हवं, मग ते ‘अजून काही झालेलं नाही’ असं का असेना.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. ईमेलने पाठवताना पीडीएफ करा, म्हणजे जोडाक्षरं तुटत नाहीत. सगळ्यांचे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला कळतो. वयस्कर मंडळींसाठी 16 पॉइंट अक्षरातली प्रत वेगळी करा आणि ती छापून घरपोच देण्याचं काम मंडळीतल्या एका तरुणावर सोपवा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर ध्यानात ठेवा की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो संदेश जातच नाही. परदेशी गेल्यावर नंबर बदलतो आणि निम्मे नातेवाईक ‘पोरांनी विसरून टाकलं’ म्हणून रुसून बसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता सुरक्षिततेचं. काही देशांत पत्रातलं एक वाक्य स्थानिक माणसाला तुरुंगात नेऊ शकतं. शेजारच्या नेपाळचंच घ्या. तिथल्या फौजदारी संहितेचं कलम 158 ऑगस्ट 2018 पासून लागू आहे. धर्मांतर घडवून आणल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. तुम्ही परत येऊ शकता, पण ज्याच्याबद्दल लिहिलं तो तिथेच राहणार असतो. म्हणून स्थानिक ख्रिस्ती विश्वासी लोकांची नावं, गावं, चेहरे मुख्य पत्रात नकोत, आणि बाप्तिस्म्याचे फोटो तर मुळीच नकोत. ‘मि-श-न-री’ असं अक्षरं तोडून लिहिण्याने काही लपत नाही, उलट लक्ष वेधलं जातं. जे लपवायचं ते लिहूच नका.

फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते ठिकाणही साठवलेलं असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लोकेशन’ बंद करा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण स्पष्ट दिसावा म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. पत्राच्या अगदी वर, ठळक अक्षरात एक ओळ असू द्या: हे पत्र फेसबुक, यूट्यूब किंवा मंडळीच्या मासिकात देऊ नये. शेवटी लिहिलं तर ती ओळ कोणी वाचत नाही. तुमच्याबद्दलच्या जिव्हाळ्यापोटीच कोणीतरी ते पुढे पाठवतं, म्हणून पाळकसाहेबांशी हे आधी बोलून घ्या.

दुसरं पत्र आईवडील, भावंडं आणि मंडळीतली दोन-तीन भरवशाची माणसं यांच्यासाठी. आजारपण, थकवा, नवरा-बायकोतला ताण, सहकाऱ्यांशी न जमणं, पैशांची ओढाताण, हे सगळं इथे. ‘सेवेत असलेल्यांनी कुरकुर करू नये’ हा समज आपल्याकडे खोल आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. जे कोणालाच सांगता येत नाही, त्याचं ओझं शेवटी मुलांवर येतं. आजाराची खबर देताना चार गोष्टी एकदम कळवा: निदान काय, उपचार कधी सुरू झाले, जवळ कोण आहे, आणि पुढची खबर कधी देणार. ‘तापाने फणफणलाय, प्रार्थना करा’ एवढंच लिहून फोन बंद ठेवलात तर इकडे दोन रात्री कोणाचा डोळा लागत नाही. बोलण्याची वेळ घड्याळाप्रमाणे ठरवा. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, पोर्ट मोर्सबी साडेचार तास पुढे. नैरोबीत संध्याकाळी सहा वाजता मुलं मोकळी असतात, तेव्हा इथे साडेआठ झालेले असतात. आजीची जेवणं उरकलेली, औषध घ्यायची वेळ झालेली. रविवारपेक्षा शनिवार बरा, कारण रविवार दोन्हीकडे उपासनेत जातो.

मुलांबद्दल आम्ही थोडं आग्रहाने लिहीत आहोत. पत्रातला सगळ्यात आवडीने वाचला जाणारा भाग मुलांचा असतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात सैलपणे लिहिला जातो. अंथरूण ओलं करणं, शाळेतलं रडणं, वर्गात मागे पडणं हे शंभर घरांत गेलं की सुटीत गावी आलेल्या मुलाला तेच शंभर लोक विचारतात. मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्याबद्दलचा मजकूर पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवा आणि ते नको म्हणालं तर गाळा. वाटलं तर चार ओळींची जागा त्याला स्वतःला द्या, मोडक्या मराठीत लिहिल्या तरी दुरुस्त करू नका. दोन संस्कृतींच्या मध्ये वाढणाऱ्या अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ हा शब्द रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केला, आणि त्यामागचं त्यांचं निरीक्षण 1950 च्या दशकात भारतातच, इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांमध्ये झालं होतं. आता आपली मुलं त्याच जागी आहेत. त्यांना ‘तू कुठला?’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि काका-मामांनी ते मागू नये.

मूल परदेशात जन्मलं तर आनंदाची बातमी देऊन झाल्यावर कागद लगेच हातात घ्या. आईवडील दोघेही भारतीय नागरिक असले तरी डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लेखी द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ती लवकर येत नाही. स्थानिक जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला लागतो. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं आणि परदेशी रुग्णालय ते गाळतं किंवा आडनावात मिसळतं. जन्मदाखला हातात येताच स्पेलिंगसह तपासा. दुसरं, चर्चच्या वहीतल्या लग्नाच्या नोंदीवर आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर विसंबू नका. निघण्याआधीच विवाहाचा सरकारी दाखला काढून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. ज्या देशाला अपोस्टिल चालत नाही, त्याच्या दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या वकिलातीकडून साक्षांकन लागतं.

मृत्यूची बातमी व्हॉट्सअॅपवर कधीही देऊ नका, ना तिकडून ना इकडून. दोन्हीकडे एकेक माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि इकडे तो पाळकसाहेबांना सोबत घेऊन घरी जाईल. गटावर शोकसंदेश टाकण्याआधी त्या माणसाला विचारायचं, हे मंडळीत सर्वांना माहीत असू द्या. परदेशात कोणी वारलं आणि पार्थिव आणायचं असेल तर स्थानिक मृत्यूदाखला, पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, जवळच्या नातलगाची संमती, मृताचा रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. अपघात असेल तर पोलिसांचा अहवालही. ऐपत नसलेल्यांना दूतावासातल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते.

इकडे कोणी गेलं आणि तुम्हाला तातडीने निघावं लागलं, तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र विसरू नका. केनिया, युगांडा अशा देशांतून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलं जाऊ शकतं, आणि तोवर अंत्यविधी होऊन गेलेला असतो. लस टोचल्यावर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. सहा महिन्यांखालील बाळाला सूट आहे. हे प्रमाणपत्र असलेलं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा. आणि गावी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही आफ्रिकेतून आलोय, मलेरिया तपासा.

पैशांबाबत पत्रात खाते क्रमांक कधीच देऊ नका. मेल हॅक करून ‘अडकलोय, पैसे पाठवा’ असे निरोप नातेवाईकांना जातात. आवाज ऐकल्याशिवाय कोणी रुपया पाठवायचा नाही, हे घरी सांगून ठेवा. उलट दिशेने, म्हणजे तिकडून इकडच्या मंडळीला मदत करायची असेल तर नियम नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. तिथल्या मित्रांनी गोळा केलेले पैसे मात्र परदेशी देणगीच, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला ते घेता येत नाहीत. तुमच्या खात्यातून वळवले तरी नाही. तुम्ही परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) असाल तर तुमची देणगीही त्यातच मोडते.

ओसीआय कार्डाचा आणखी एक नियम सुटीत गावी येणाऱ्यांना ठाऊक नसतो. मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात मिशनरी कार्य करायला विशेष परवानगी लागते. उपासनेला बसणं वेगळं आणि गावोगाव सभा घेणं वेगळं. पाळकसाहेबांनी पत्रिका छापण्याआधी एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे विचारून घ्या. आणि सभांचा कार्यक्रम ठरवताना आठवड्यात दोनपेक्षा जास्त मंडळ्या घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी मुलांना पुढे उभं करून तिथल्या भाषेतलं गाणं म्हणायला लावू नका. पहिले दोन आठवडे कुठेही न जाता आजी-आजोबांच्या घरी काढा.