ध्रुव शोधताय? मग एवढंच करा

सगळ्यात ठळक तारा म्हणजे ध्रुव, ही समजूत आधी सोडा. तो मध्यम तेजाचा आहे; नवखे हमखास व्याधाकडे, म्हणजे रात्रीच्या सगळ्यात ठळक ताऱ्याकडे, बोट दाखवतात.

- एप्रिल-मेमध्ये रात्री नऊला सप्तर्षी बघा. त्यांच्या चौकोनातल्या शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून तेच अंतर पाचपट पुढे न्या. हिवाळ्यात संध्याकाळी शर्मिष्ठेवरून, म्हणजे M आकाराच्या तारकासमूहावरून, शोधा.
- नजर फार वर नेऊ नका. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमचा अक्षांश! पुण्यातून साडेअठरा अंश, म्हणजे हात ताठ धरून एकावर एक जेमतेम दोन मुठी. अरब खलाशी हाच हिशेब बोटांनी करत.

परांचन (पृथ्वीच्या अक्षाचं संथ डोलणं) वगैरे नंतर. आज गच्चीवर एकाच जागी बसून तो एखाद्या खांबाच्या टोकाशी जुळवा आणि रात्री बाराला पुन्हा बघा: तो जवळजवळ तिथेच असेल.