प्रोस्टेटचं जुनं दुखणं काही केल्या जात नाही. शेवटचा उपाय म्हणून ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय : वय ३६, चार वर्षांपासून अंडकोशाच्या मागच्या जागेत दुखतं, लघवीनंतर आग होते, गाडीवर बसवत नाही. सोनोग्राफीत काही नाही, लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, कोरं, अँटिबायोटिकचे सहा कोर्स झाले. आता एक डॉक्टर 'दुर्बिणीतून करून टाकू' म्हणताहेत आणि तुम्हाला वाटतंय की एकदाचं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ती ग्रंथी, गेलं की दुखणंही जाईल.

एवढ्या माहितीवर माझं उत्तर : आत्ता करू नका.

मी नागपूरचा, वय ५१, सरकारी कचेरीत टेबलावरचं काम. डॉक्टर नाही. पण हे दुखणं नऊ वर्षं अंगावर काढतोय आणि तिसऱ्या वर्षी मीही तुमच्याच जागी होतो. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तारीख घेतली होती, रक्त तपासून झालं होतं, ईसीजी काढला होता, ॲडव्हान्सही भरला होता.

त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन आठवलं की अजून अंगावर काटा येतो. नागपुरात अधिवेशन म्हणजे काय, हे इथल्या कर्मचाऱ्याला विचारा. तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधीची टिपणं, रात्री अकरा-अकरापर्यंत खुर्ची, आणि वरून डिसेंबरची थंडी. तिसऱ्या दिवशी मला बसवेना. फायलींचे दोन गठ्ठे टेबलावर रचले, त्यावर कीबोर्ड ठेवला आणि उभ्याने टायपिंग केलं. साहेबांनी विचारलं तर सांगितलं, कंबर धरली आहे. घरी येताना सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर ॲक्टिव्हा उडायची आणि मी दातओठ खायचो. त्या रात्री ठरवलं, काढून टाकायचं. बायको म्हणाली, "दुखते थे काढून टाकाचं म्हणता, मंग उद्या डोकं दुखलं त काय करसान?" मला तेव्हा राग आला होता. पण मुद्दा तिने बरोबर पकडला होता.

साळ्याच्या आग्रहामुळे तारखेच्या चार दिवस आधी दुसऱ्या एका सर्जनला दाखवलं. वयस्क माणूस, आवाज मोठा, बाहेरच्या पेशंटलाही ऐकू जाईल असा. फाईल बाजूला सरकवून त्यांनी आधी तीन गोष्टी विचारल्या. दुखण्याने झोपेतून जाग येते का? नाही. बसल्यावर वाढतं का? हो. आणि संडासात कमोडवर बसल्यावर?

मी गप्पच झालो. तीन वर्षांत हे लक्षातच आलं नव्हतं. कमोडवर बसलो की दुखणं जवळपास नसायचंच. मी तिथे मोबाईल घेऊन अर्धा अर्धा तास बसायचो आणि घरचे ओरडायचे, ते उगाच नव्हतं. तिथे बूड कडेला टेकतं, मधल्या जागेवर भार येत नाही. ते म्हणाले, "कापायला माझी ना नाही. पण काय कापायचं, ते तर सांगा."

हा प्रश्न तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपण 'शेवटचा उपाय' म्हणतो तेव्हा डोक्यात एक रांग असते : गोळ्या, मग इंजेक्शनं, मग काढे, आणि रांगेच्या टोकाला ऑपरेशन. बाकीचे हरले की आपोआप त्याचा नंबर. असं नसतं. ऑपरेशनला स्वतःचं कारण लागतं, आणि ते तपासणीत दिसावं लागतं. गोळ्यांनी गुण आला नाही, हे ते कारण नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली प्रोस्टेटायटिसची, म्हणजे प्रोस्टेटच्या सुजेची आणि दुखण्याची, चार गटांत वाटणी केली. पहिला अचानक होणारा जंतुसंसर्ग, दुसरा जुना, पुन्हा पुन्हा येणारा जंतुसंसर्ग, तिसरा ओटीपोटाच्या जुन्या दुखण्याचा, ज्यात जंतू सापडत नाहीत, आणि चौथा त्रास नसलेला, तपासणीत योगायोगाने सापडणारा. त्रास होणाऱ्यांपैकी दहातले नऊ तिसऱ्या गटात येतात. तुमचं कल्चर खरंच नीट झालं असेल आणि कोरं असेल तर तुम्हीही बहुधा तिथलेच. सहा कोर्सनी का फरक पडला नाही, तेही यातच आलं. २००४ साली याच आजाराच्या जुन्या रुग्णांवर झालेला मोठा प्रयोग आहे : सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, टॅम्सुलोसिन ही लघवीचा रस्ता सैल करणारी गोळी, दोन्ही मिळून किंवा नुसती खोटी गोळी. खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळ्यांनी ठळक फायदा दाखवला नाही. या औषधांनी कोणालाच बरं वाटत नाही असा याचा अर्थ नाही. पण जंतूच नसताना सातवा कोर्स घेऊन टाचेची शीर दुखावून घेण्यात काय मतलब? माझी दुखावली होती. या जातीच्या अँटिबायोटिकचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

नीट कल्चर म्हणजे काय, तेही सांगतो. नुसती सकाळची लघवी पुरत नाही. आधी लघवीचा एक नमुना घेतात, मग डॉक्टर गुदद्वारातून प्रोस्टेट दाबून मसाज करतात आणि त्यानंतरचा दुसरा नमुना घेतात. दोन्हींची तुलना केली की जंतू प्रोस्टेटमध्ये आहेत की नाहीत ते कळतं. अँटिबायोटिक चालू असताना हे करून उपयोग नाही. माझे पहिले तिन्ही रिपोर्ट गोळ्या चालू असतानाचे होते, म्हणजे पैसे पाण्यात.

आता 'दुर्बिणीतून करून टाकू' याबद्दल. हे बहुतेक टीयूआरपी असावं. प्रोस्टेट वाढून लघवीचा रस्ता दाबला गेला की आतून खरवडून तो मोकळा करतात. आमच्या वडिलांचं झालं, वयाच्या ७२ व्या वर्षी, आणि त्यांना रात्री सातदा उठायचं ते एकदावर आलं. उत्तम ऑपरेशन आहे. पण ते अडथळ्याचं ऑपरेशन आहे. ३६ व्या वर्षी, सोनोग्राफी नॉर्मल असताना, रस्ता कुठे अडलाय हे आधी दाखवायला हवं. आणि त्यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. मूल हवं असेल तर हे तारखेआधी कळायला हवं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी फॉर्मवर सही करताना बारीक अक्षरांत वाचलं.

सगळं प्रोस्टेटच काढायचं ऑपरेशन मुख्यतः कॅन्सरसाठी करतात. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात, लघवी रोखणारा स्नायू लगेच खाली असतो. कॅन्सरमध्ये माणूस जीव वाचवायला ही जोखीम घेतो. दुखण्यासाठी घ्यायची तर ते जाईल याची खात्री हवी, आणि इथे ती खात्री कोणी देत नाही. दुखणं वर्षानुवर्षं टिकलं की नसा आणि मेंदू त्याला सरावतात, मग अवयव गेला तरी दुखणं मागे राहू शकतं. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो, हे आपण ऐकलेलं असतंच.

कापण्यासारखं खरोखर काही असतं, अशाही गोष्टी आहेत. प्रोस्टेटमध्ये गळू झालं तर पू काढावाच लागतो. लघवीच्या नळीत आकुंचन असेल, किंवा मूत्राशयाचं तोंड नीट उघडत नसेल आणि ते युरोडायनॅमिक तपासणीत, म्हणजे मूत्राशयातला दाब आणि लघवीची धार मोजून, सिद्ध झालं असेल, तर छोट्या ऑपरेशनने बरं वाटतं. तुमच्या वयात ही मूत्राशयाच्या तोंडाची गोष्ट चुकून 'प्रोस्टेटायटिस' म्हणून वर्षानुवर्षं चालते, म्हणून लघवीची धार बारीक असेल तर युरोफ्लो (धारेचा वेग मोजणारी तपासणी) आणि नंतर उरलेल्या लघवीची सोनोग्राफी मागूनच घ्या. वीर्यस्खलनाच्या वेळीच कळ येते आणि वीर्य फार कमी येतं, असं असेल तर वीर्यनलिका तुंबली आहे का ते पाहतात. आणि प्युडेंडल नावाची, त्या मधल्या जागेला जाणारी नस दबलेली असेल तर तिचं वेगळंच ऑपरेशन असतं. त्यासाठी २००८ साली नांत या फ्रेंच शहराच्या नावाने पाच निकष ठरले. बसल्यावर वाढणं, रात्री दुखण्याने जाग न येणं, आणि नसेजवळ भूल दिल्यावर आराम पडणं हे त्यातलेच. ते सर्जन मला कमोडचं का विचारत होते, हे मला तेव्हा कळलं. माझी भूल देऊन झाली, आराम काही पडला नाही. म्हणजे नसही नव्हती.

मग होतं काय? बाप्पा, स्नायू.

त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. बाहेर बसलेल्या सगळ्या बाया, कोणाच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, कोणी सातव्या महिन्यातली, आणि मधे मी, हातात हेल्मेट. नंबर आला. डाव्या कुशीवर झोपवलं, हातमोजा, जेली, आणि गुदद्वारातून बोटाने त्या आतले स्नायू एकेक करून चाचपायला लागल्या. उजवीकडे काही नाही. डावीकडे एका जागी बोट थांबलं, हलकंच दाबलं, आणि लिंगाच्या टोकाला तीच आग, तीच, जी मी तीन वर्षं लघवीची आग समजत होतो. "हेच का?" त्यांनी विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. प्रोस्टेटला हात न लावता कोणीतरी माझं दुखणं हुबेहूब उठवून दाखवलं होतं.

ऑपरेशन रद्द केलं, ॲडव्हान्समधले काही पैसे गेले. मग आठवड्याला एकदा मॅडम, आणि घरी रोज दोनदा व्यायाम : पोटातून श्वास, गुडघे छातीशी, उकिडवं बसणं, खालचे स्नायू सैल सोडायला शिकणं. सैल सोडायला, आवळायला नव्हे. त्याआधी मी यूट्यूबवर बघून केगल करत होतो, म्हणजे आधीच आवळलेल्या मुठीला आणखी आवळत होतो. झोपेसाठी आणि नसांसाठी डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनचा अगदी छोटा डोस दिला. पहिले दीड-दोन महिने काही फरक नव्हता. तिसऱ्या महिन्यात एक रविवार असा गेला की संध्याकाळी आठवलं, आज दुखलंच नाही.

या दुखण्याची एक प्रश्नावली असते, ० ते ४३ गुणांची. माझे ३१ होते, आता १२-१३ च्या आसपास असतात. सहा गुण कमी झाले तरी माणसाला फरक जाणवतो म्हणतात. पूर्ण गेलेलं नाही. अधिवेशनात वाढतं, बायकोशी भांडलो की वाढतं, सावजी खाल्लं की दुसऱ्या दिवशी लघवीला आग. मे महिन्यात ४५ अंशांत लघवीच्या भीतीने पाणी कमी प्यायलो तर तेव्हाही, कारण घट्ट लघवी जास्त जळते.

तर तुम्ही तारीख पुढे ढकला. डॉक्टर रागावणार नाहीत, आणि रागावले तर तेही उत्तरच समजा. दुसरं मत घ्या : नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये युरॉलॉजी आहे, रांग लागते, पण कापण्याची घाई कमी असते. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा लघवीतून रक्त गेलं तर हे माझं सगळं पुराण विसरून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोवर बसण्याची सोय करून घ्या. इतवारीत फोमवाल्याकडे दोन-अडीच इंचांचा कडक तुकडा घ्या आणि मधून यू आकारात कापून मागा, म्हणजे मधली जागा अधांतरी राहील. कशासाठी, असं विचारलं तर मूळव्याध म्हणा, पुढे कोणी विचारत नाही. आमच्या ऑफिसात सहा वर्षांपासून सगळ्यांना मला मूळव्याध आहे असंच वाटतं. दर अधिवेशनाला कोणीतरी नवा काढा आणून देतो, आणि मी तो घेतो.